निरीक्षक क्रमांक शंभर

चूक माझ्या रकान्याची होती, हे आधीच मान्य करून टाकते. मी आखलेल्या तक्त्यात ‘निरीक्षक’ या रकान्याला केवळ आकडे चालत. तिथे अक्षर टंकले की संगणक कर्कश आवाज करून ते नाकारत असे. मला ती शिस्त वाटे, आणि त्या वयात मला शिस्तीचा फार अभिमान होता.

सन दोन हजार उलटून वर्ष झाले होते. शतक बदलताना तारखांच्या दुरुस्त्या करून जगलेल्या लहान संगणक कंपन्या आता नव्या कामाच्या शोधात होत्या. वारज्यात एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत थाटलेली आमची कंपनी त्यांपैकीच एक. संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी तिथे नोकरीला लागले होते, पण मला व्हायचे होते संशोधक. शहराबाहेरच्या एका शेतकी संशोधन केंद्राने आपल्या हवामानाच्या जुन्या नोंदवह्या संगणकात भरण्याचे काम आम्हाला दिले, तेव्हा मी केंद्रप्रमुखांना गाठले आणि या नोंदींवर शोधनिबंध लिहिण्याची परवानगी मागितली.

“लिहा,” ते म्हणाले. “निबंध उभा राहिला तर पीएच.डी.ला माझ्याकडे या. पडला तर कंपनी आहेच.”

हिवाळ्यातल्या सकाळच्या तापमानावर मी निबंध योजला. नोंदी भरून होताच प्रथम त्यांची विश्वासार्हता तपासली. त्यासाठीची एक जुनी युक्ती मला अतिशय प्रिय आहे. तापमापकावर अर्ध्या अंशाच्या रेघा असतात. त्यांच्यामधला दशांश निरीक्षकाने डोळ्याने अंदाजायचा असतो. कंटाळलेला माणूस जवळच्या रेघेवर भागवतो, म्हणून त्याच्या नोंदींच्या शेवटी शून्य आणि पाच यांचीच गर्दी होते. जो खरोखर पाहतो, त्याच्या नोंदींत शून्यापासून नवापर्यंतचे सगळे अंक सारख्या मानाने येतात. थोडक्यात, शेवटचा अंक हा निरीक्षकाचा स्वभाव असतो.

केंद्राच्या चोवीस नेमलेल्या निरीक्षकांचे स्वभाव मी ओळीने मांडले. बहुतेक जण कमीअधिक आळशी निघाले. क्रमांक सात तर शून्य आणि पाच यांपलीकडे अंकच जाणत नव्हता. मात्र यादीच्या तळाशी एक आलेख इतका सपाट आला, की माझ्याच गणितात चूक झाली असावी असे वाटून मी तो तीनदा पुन्हा काढला. अकरा हिवाळ्यांतल्या सकाळच्या जवळजवळ सगळ्या नोंदी, दहाही अंक समान. निरीक्षक क्रमांक शंभर.

मी हर्षाने केंद्रप्रमुखांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“शंभर? आमच्याकडे आजवर चोवीस झाले. मधले पंचाहत्तर कुठे ठेवलेत तुम्ही?”

“सर, वहीत तसेच असावे.”

“जो यादीत नाही, तो नोंदीत नाही. शंभर नंबर काढून टाका. नाहीतर कोण ते सिद्ध करा. दोन आठवड्यांत.”

शंभर काढला तर अकरा हिवाळ्यांच्या सकाळी कोऱ्या पडत होत्या, आणि त्यांच्यासह माझा निबंध. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या क्षणी मला निरीक्षकाची नव्हे, स्वतःचीच काळजी होती.

नोंदी भरणारी मुलगी वर्ध्याकडची होती. वेगाने टंकायची आणि त्याहून वेगाने बोलायची. मी मूळ वही तिच्यासमोर उघडली. सहीच्या रकान्यात बारीक, स्वच्छ अक्षरात एवढेच होते: ‘सौ.’

“हे शंभर कसे झाले?”

“तुमचा रकाना अक्षर घेतच नव्हता ना, मॅडम. नुसता टूं टूं करून राहिला होता. सौ म्हणजे शंभर, टाकून दिले शंभर.”

“अगं, लग्नपत्रिकेत असते ते सौ.!”

“ते समजलं होतं ना मला. पण पत्रिकेत सौ.च्या पुढं नाव असते. इथं नुसतं सौ, अन् टिंब. नाव नसलेली सौ. कोणाची असते, तुम्हीच सांगा.”

मी वही चाळू लागले. एक गोष्ट दिसली: ‘सौ.’ केवळ क्रमांक सातच्या पानांवर येत होती. सकाळी सातला ‘सौ.’, दुपारी दोनला क्रमांक सात. एकाच वहीत सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट निरीक्षक आळीपाळीने नांदत होते. निवृत्तांच्या यादीतून सातचा पत्ता काढला, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि दुचाकीने बिबवेवाडी गाठली.

दार उघडणारे आजोबा सहा फुटांच्या वर होते. स्वतःच्याच घराच्या चौकटीखाली ते सवयीने वाकले. मागून त्यांच्या कोपराच्या उंचीवर आजींचा चेहरा दिसला. बैठकीच्या भिंतीवर एकच चौकट होती: ‘उत्कृष्ट निरीक्षक’ असे प्रशस्तिपत्र, आजोबांच्या नावाचे.

मी वहीची छायाप्रत पुढे ठेवली. आजोबांनी ती लांब धरून पाहिली.

“कुणाचं हस्ताक्षर आहे हे, आजोबा?”

“हवामानाचं,” ते म्हणाले.

“अहो, सांगा की सरळ,” आजी म्हणाल्या. “सकाळी सातला हे उठत नसत. आमचं घर केंद्राच्या आवारातच. पोरांचे डबे व्हायचे, तेवढ्यात मी जाऊन वाचून यायची.”

“मी नोकरी केली, शिक्षा भोगली नाही,” आजोबा म्हणाले. “दुपारचे आकडे माझे आहेत. तेही बघा.”

“बघितले. सगळे शून्य नाहीतर पाच.”

“सरकारी आकडा पूर्ण असावा.”

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मी विचारले, सहीच्या जागी नुसते ‘सौ.’ का?

“जो वाचेल त्यानं सही करायची, असा नियम होता ना? मग ह्यांची सही मी कशी करू? खोटं झालं असतं. बरं, ह्यांचं नाव मी घेत नाही, ते लिहायचं कसं? माझं स्वतःचं लिहावं, तर मी कुठं नोकरीत होते? सगळं वजा केलं तर उरलं काय? सौ.”

इतकी निर्दोष वजाबाकी मी विद्यापीठातही पाहिली नव्हती. दशांश इतका अचूक कसा येई, हे विचारल्यावर त्या उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“तापमापकाची पेटी इथं असायची,” त्यांनी डोळ्यांसमोर हात आडवा धरला. “बरोब्बर नजरेसमोर. हे वरून बघायचे. वरून बघितलं की रेघ सरकते.”

“आणि ओल्या तापमापकाचे कापड?” मी विचारले. हवेतला दमटपणा मोजण्यासाठी एका तापमापकाच्या फुग्यावर भिजती मलमल गुंडाळलेली असते. ती मळली की आकडा बिघडतो.

“कचेरीची मलमल कांजीची असायची, पाणीच ओढायची नाही. मी पोरांच्या झबल्यांची लावायची. शंभरदा धुतलेली.”

शंभर हा आकडा त्या घरात असा आपोआप आला आणि मी मोठ्याने हसले. त्यांना कारण सांगितले, तेव्हा आजोबांनीही हसणे लपवले नाही.

“शंभर नंबरी आहेच ती,” ते म्हणाले. पण मी हे सगळे लिहून मागताच त्यांचा आवाज उतरला. “म्हणजे मी झोपलो होतो, हे सरकारी कागदावर?”

आम्ही तिघेही भिंतीवरच्या चौकटीकडे पाहू लागलो. मग आजोबा उठले आणि त्यांनी प्रशस्तिपत्राला हात घातला.

“अहो, राहू द्या ते. मागं ओल आहे भिंतीला,” आजी म्हणाल्या.

“दमटपणा तुलाच कळायचा,” असे म्हणून त्यांनी चौकट उतरवली, टेबलावर पालथी ठेवली, आणि तिच्याच पाठीवर कागद ठेवून पत्र लिहिले. दोनच वाक्ये होती. सकाळच्या नोंदी माझ्या नाहीत. त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

केंद्रप्रमुखांनी पत्र दोनदा वाचले. “पत्र ठीक आहे. पण पत्राने तापमान कळत नाही. बाईंना घेऊन या.”

एका सकाळी आम्ही केंद्रात जमलो. जुनी पांढरी पेटी अजून तिथेच होती. शेजारी नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा पडदा, त्याच्यावर केंद्रप्रमुखांनी आपला हातरुमाल टाकून ठेवला होता. पहिले वाचन त्यांनी आजोबांना करायला सांगितले. आजोबा वाकले.

“साडेअठरा.”

“सर, हा पाच माझ्या ओळखीचा आहे,” मी म्हणाले.

मग आजी पुढे झाल्या. वाकल्या नाहीत, टाचा उंचावल्या नाहीत. श्वास क्षणभर रोखून धरला. “काचेवर वाफ नको,” त्यांनी मला नंतर सांगितले.

“अठरा पूर्णांक तीन.”

केंद्रप्रमुखांनी रुमाल उचलला. अठरा पूर्णांक तीन. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला, चष्मा पुसला.

“अकरा वर्षे आमच्याकडे उत्तम निरीक्षक होता,” ते म्हणाले, “आणि प्रशस्तिपत्र आम्ही चुकीच्या उंचीवर दिले.” माझ्याकडे वळून त्यांनी फर्मावले, “नोंदी राहतील. मात्र शंभर नको. नाव लिहा.”

रकाना बदलणे हे पाच मिनिटांचे काम होते, आणि माझ्या आयुष्यातली ती सर्वांत आनंदाची पाच मिनिटे. आकड्यांऐवजी अक्षरे, लांबी तीस. आजोबा-आजींना मी वारज्याला आणले. वर्ध्याची मुलगी कळफलकावर बोटे ठेवून बसली. आजींनी आधी स्वतःचे नाव सांगितले. नंतर त्या थांबल्या.

“मधलं नाव?” मुलीने विचारले.

“ते कसं घेऊ?”

“उखाण्यात घ्या ना, आजी. आम्ही ऐकतो.”

आजींनी आजोबांकडे पाहिले, पदर सावरला, आणि एका दमात म्हणाल्या:

“गवतावर पडलं दव, पारा उतरला खाली,
…रावांचं नाव घेते, नोंद माझी झाली!”

औषधाच्या दुकानातला माणूस वर काय झाले म्हणून जिन्यापर्यंत आला, इतका गलका आम्ही केला. आजोबा खिडकीतून बाहेर पाहत राहिले; त्यांचे कान मात्र लाल झाले होते. आडनाव झाले. मग आजी म्हणाल्या, माहेरचेही लिहा, दशांश मोजायला वडिलांनी शिकवले होते. संगणकाने कर्कश आवाज केला. तीस अक्षरे संपली होती. मी लांबी साठ केली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथे असायला हवे तिथे ते अकरा हिवाळ्यांच्या प्रत्येक सकाळपुढे आहे, आणि माझ्या पहिल्या शोधनिबंधातल्या निरीक्षकांच्या यादीत सर्वांत वर.

त्या दिवशी शेवटची कळ दाबण्यापूर्वी मुलीने विचारले, “आजी, आता पूर्ण नाव आलं. तर पुढचं ते सौ. ठेवू, का काढू?”

आजींनी पडद्याजवळ जाऊन, नजर बरोब्बर ओळीवर आणून, आपले नाव वाचले.

“ठेव,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं एकटंच उभं होतं बिचारं.”