मगदूमबाई आणि ‘डळमळवणे’

मगदूमबाईंना मी प्रथम पाहिले ते आठवीच्या वर्गाच्या दारातून. शाळेत नवा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. फळ्यावर एकच शब्द होता, ‘डळमळवणे’. ‘अस्थिर करणे’ असा अर्थ सांगून मी पुढच्या ओळीला लागलो असतो. बाई मात्र अडून बसल्या होत्या. आपल्या घरचे, गावचे वाक्य दिल्याशिवाय शब्द पुसायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता.

एक मुलगी उठली. “आमच्या सरपंचास्नी त्यांचाच मेव्हणा डळमळवतोय, बाई.”

“पडले का?”

“न्हाय, अजून हाईत की.”

“मग वाक्य बरोबर. पाडणं वेगळं. जो उभा आहे, त्यालाच डळमळवता येतं.”

त्या दिवसापासून मीही त्यांचा विद्यार्थी झालो. उचगावला त्यांच्या घरी दर शनिवारी आमची शब्दांची बैठक भरे. वाद कितीही रंगला तरी बाईंचे जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचे, त्यामुळे आम्ही वेळेवर उठत असू, आणि बाई कुणालाही रिकाम्या हाताने जाऊ देत नसत. कुणी ‘सरकार डळमळवले’ असे वाचून दाखवले, की त्या विचारत, “उभं आहे का अजून, ते आधी सांगा.” त्यांच्या या हट्टापुढे आम्ही हात टेकले होते.

पुढे एका वर्षी पुरात शिरोळचे आमचे घर पाण्यात गेले, ऊस कुजला, वडिलांनी अंथरूण धरले. नोकरी सोडून गावीच राहायचे मी ठरवले. पाणी ओसरताच बाई चिखल तुडवत आल्या. मी म्हणालो, “बाई, पार डळमळलोय.”

वर्गाबाहेर त्या आपल्या बोलीतच बोलत. “डळमळलाय न्हवं? मग अजून उभं हायसा की, सर. सोमवारी शाळेत या.”

मी गेलो. नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे.

गुडघ्यांच्या दुखण्याने बाई आता लेकीकडे बंगळुरूला असतात. घराची किल्ली शेजारी असते, म्हणून शनिवारी आम्ही तिथेच जमतो. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. परवा फोनवर म्हणाल्या, घर विकायचा विचार आहे. बाईंची फार आठवण येते, हे तेव्हा सांगायचे राहिले, ते इथे सांगतो.

पंच्याहत्तरी गाठलेल्या आमच्या बाईंना गुडघ्यांनी साथ द्यावी, आणि आमची वाक्ये तपासण्याचा उत्साह त्यांना पुढची कितीतरी वर्षे पुरावा. घर एवढ्यात विकू नका, बाई. बैठकीला आम्ही मोजकेच उरलो आहोत. डळमळलोय, पण अजून उभे आहोत. तुम्ही या.