आडनावाला दोन काने

"ही घ्या तुमची वस्तू."

असं म्हणून सुधाकरकाकांनी माझ्या पणजोबांचा बिल्ला कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिला. समोशांच्या ताटाशेजारी नॅपकिनचा गठ्ठा होता, त्यातलाच एक. लंडनच्या ईलिंगमधला भाड्याचा हॉल, नोव्हेंबरचा रविवार, सगळ्यांच्या कोटांवर लाल पॉपी, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं कागदी फूल. माझ्याही. टेबलावर पांढरी चादर आणि वर कापडी फलक : "महायुद्धातले आपले वीर". कोणाच्या आजोबांची तलवार, कोणाच्या पणजोबांची मेडल्स, काचेच्या फ्रेममधले फोटो. मधे वीतभर रिकामी जागा. आत्ताच झालेली.

काकांनी शेजारची दोन मेडल्स जरा सरकवली. जागा भरली.

सकाळपर्यंत काका मला "अगं" म्हणत होते. आठ वर्षं म्हणत होते. आता "तुम्ही" म्हणाले. मराठीत हा मान असतो, असं आपण शाळेत शिकतो. त्या दिवशी मला कळलं की माणसाला दाराबाहेर काढायलाही हाच शब्द चालतो.

काय घडलं होतं ते सांगते.

मी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. मूळ गाव सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यात. डोंगरावर पाडा. आम्ही पावरा. आदिवासी. आडनावही तेच. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या एका काकूंनी माझ्या छातीवरचं नावाचं स्टिकर वाचलं. इंग्रजीत होतं. "पवार का? कुठले पवार?" मी म्हणाले, "खानदेशातले." एवढंच. खोटं त्या बोलल्या, मी फक्त मान डोलावली, असं मी स्वतःला सांगत राहिले. काकूंनी माझ्या ताटात दोन मोदक वाढले. त्याच पंगतीत कोणीतरी म्हणालं, "इथे एक बरं आहे, कोटा नाही. सगळे मेरिटवर आलेले." सगळे हसले. मी मोदक खाल्ला. मूग गिळले म्हणा. आठ वर्षं गिळत होते.

पवारला एक काना, पावराला दोन. हे मला वडिलांनी शिकवलं. बाराखडीच्या आधी शिकवलं.

कारण बाबांचा अर्धा जन्म त्या कान्यात गेला. ते शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी विचारलं, "नाव काय?" त्यांनी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "पावरा असं कुठे आडनाव असतं होय? पवार असेल." आणि रजिस्टरात पवार लिहिलं. गुरुजींना वाटलं, चूक सुधारली. पुढे जातीचा दाखला काढायला बाबा तालुक्याला गेले तर साहेब म्हणाला, पवार आदिवासी कसे? वनजमिनीचा दावा लावला, आजोबा-पणजोबांपासून कसत आलेली जमीन नावावर व्हावी म्हणून, तर तिथेही तेच. कागदावरचा माणूस वेगळा, समोर उभा असलेला वेगळा. बाबा डोंगर उतरून एसटीने जायचे, दिवसभर बाकावर बसायचे, साहेब नाही म्हणून परत यायचे. कितीदा गेले, त्याची मोजदाद नाही. शेवटी एका पावसाळ्यात ते दुरुस्तीचा कागद घेऊन आले. मला जवळ बोलावलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "हा एक. आणि हा दुसरा. दोन्ही मिळाले."

त्या कान्यांवर माझा दाखला निघाला. दाखल्यावर कॉलेज, कॉलेजवर नोकरी, नोकरीवर व्हिसा. मी विमानात बसून इथे आले आणि पहिल्या मोदकाला आडनाव सोडून दिलं.

पणजोबांचं नाव खेमा. दुसऱ्या महायुद्धात भरतीवाला साहेब पाड्यावर आला आणि म्हणाला, जंगलातली माणसं जंगलात टिकतील. सात जण नेले. आसामच्या पलीकडे, ब्रह्मदेशाच्या वाटेवर, फौजेसाठी रस्ता काढायला. झाडं तोडायची, दगड फोडायचे, मेलेल्यांना उचलायचं. वरून विमानं यायची तेव्हा लपायला जागा गोऱ्यांना आधी. बंदूक दिली नाही, कुऱ्हाड दिली. सातातले तीन परत आले. खेमा आला तो खोकला घेऊन आणि एक पितळेचा बिल्ला घेऊन. बिल्ल्यावर नंबर आहे. नाव नाही. त्याच हिवाळ्यात घराच्या आढ्यासाठी एक साग तोडला म्हणून जंगलखात्याने त्याला हातकड्या घालून तालुक्याला नेला. साहेबासाठी जंगल तोडलं तेव्हा बिल्ला. स्वतःच्या घरासाठी तोडलं तेव्हा हातकडी. हे खेमा आजोबांना सांगायचा, आजोबा बाबांना, बाबा मला. हसत सांगायचे. मला लहानपणी ती गंमतच वाटायची.

माझ्याबरोबर टेसा काम करते. ऑस्ट्रेलियाची, तिकडच्या मूळ रहिवाशांपैकी. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत तिने मला विचारलं, "तुझी माणसं कोणती?" मी म्हणाले, मराठी. ती म्हणाली, "ती भाषा झाली. माणसं कोणती?" तिच्या देशात ओळख करून घेताना हाच प्रश्न विचारतात म्हणे. मी तिला खरं सांगितलं. तिला सांगायला काय जातं? तिला पवार माहीत नाहीत. मग तिने तिच्या पणजोबांचं सांगितलं. तेही लढाईला गेले होते, युरोपात. परत आले तर गावातल्या सैनिकांच्या क्लबात त्यांना पाऊल टाकू देत नव्हते. बरोबर लढलेले आत बसायचे, हे बाहेर फुटपाथवर. "मेडल लावून बाहेर उभे राहायचे," ती म्हणाली. "दर वर्षी. त्यांना दिसावं म्हणून."

ते ऐकून मला हिंमत आली, असं मला वाटलं. मंडळाचं प्रदर्शन होतं. मी बाबांना फोन केला. भावाने कुरियरने बिल्ला पाठवला. मी फॉर्म भरला, इंग्रजीत, पूर्ण आडनावासकट. बाबा फोनवर म्हणाले, "बिल्ल्यावर नाव नाही, पोरी. तिथे कार्ड लावतील ना? त्यावर नीट लिहायला सांग. गोऱ्यांसाठी गेला होता. त्यांच्या देशात एकदा नाव लागू दे."

रविवारी सकाळी मी हॉलमध्ये पोचले तर बिल्ल्यापुढे कार्ड होतं, सुंदर अक्षरात : "शिपाई खेमराव पवार. मराठमोळा वीर."

काका उदार माणूस. राव दिलं, शिपाई केलं, फक्त काना घेतला.

आणि मी काय केलं? मी फोटो काढला. छान दिसत होतं कार्ड. मी तो बाबांना पाठवला. नाव वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. मला वाटलं, फोनवर त्यांना कुठे दिसणार आहे. हे मी माझ्या वडिलांबद्दल वाटून घेतलं.

रेंजसाठी बाबांना टेकडीवर चढावं लागतं. तासाभराने त्यांचा फोन आला. धापा टाकत होते.

"पोरी, हे कुणाच्या आजाचं आहे?"

मी म्हणाले, "आपलाच बिल्ला आहे, बाबा."

"बिल्ला आपला. नाव कुणाचं?"

मी पुन्हा कार्डाकडे बघितलं. ते म्हणाले, "चुकलं असेल त्यांचं. तू सांग. तू सांगितलंस तर ऐकतील. तू आता मोठी झालीस."

म्हणून मी काकांकडे गेले. चाळीस वर्षं ईलिंगमध्ये राहिलेले, कौन्सिलमधून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, सगळ्यांच्या मदतीला धावणारे काका. मी म्हणाले, काका, कार्डवर नाव चुकलंय.

"अगं, तुझ्या फॉर्ममध्ये टायपो होता. शेवटी एक ए जास्त पडला होता. मी करेक्ट केला."

"टायपो नव्हता, काका. पावराच आहे. आम्ही आदिवासी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. माझा रंग, माझं नाक, सगळं पुन्हा एकदा तपासून घेतलं.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही लोक... अच्छा. मग ते फौजेत नसणार. लेबरमध्ये असतील. हमालीला नेले होते त्यांना. म्हणजे टेक्निकली वीर म्हणता येणार नाही ना." मग अगदी मायेने, "वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी ट्रायबल कल्चरचं वेगळं टेबल करू. तुमच्यात नाच फार सुंदर असतो."

काकांची मुलगी नीना बाजूलाच होती. माझ्याच वयाची, इथेच जन्मलेली, वकील. ती म्हणाली, "पण बाबा, बॅज तर तीच आहे ना? सकाळी होती, तीच."

तिने बॅजचं लिंग चुकवलं. त्या हॉलमध्ये बरोबर बोललेली तेवढी एकच होती. काकांनी "नीना, प्लीज" म्हटलं आणि नॅपकिन उचलला.

मी बिल्ला घेतला. थँक्यू म्हणाले, तेही आठवतंय. सवयीने गेलं तोंडातून. वॉटर्लूला साउथहॅम्प्टनची ट्रेन पकडली. बेसिंगस्टोकपर्यंत मूठ उघडली नाही. उघडली तर तळहातावर नंबर उमटलेला होता, उलटा. तिथे मी रडले. समोर बसलेल्या बाईने टिश्यू पुढे केला. मी आणखी रडले. मला खेमासाठी रडू येत नव्हतं, बाबांसाठीही नाही. मला माझी शिसारी आली होती.

घरी पोचण्याआधी बाबांचा मेसेज आला : सांगितलंस का? मी लिहिलं : दुरुस्त केलं बाबा. दोन्ही काने आहेत.

फोटो पाठव, असं ते म्हणाले नाहीत. विश्वास ठेवला.

मार्चमध्ये भावाने एक्स-रेचा फोटो पाठवला. तालुक्याच्या गावात काढलेला, खिडकीला धरून मोबाइलवर टिपलेला. बाबांची छाती. आमच्या कामात फोटो काढायच्या आधी पेशंटच्या तोंडून नाव ऐकायचं असतं, जन्मतारीख, पत्ता. रोज शंभरदा विचारते मी. चुकीच्या नावाचा एक्स-रे म्हणजे चुकीच्या माणसावर सुरी. म्हणून सवयीने माझी नजर आधी कोपऱ्यातल्या नावावर गेली. तिथे पवार होतं. मग छातीवर गेली. फुप्फुस काळं दिसायला हवं, तिथे उजव्या बाजूला वरपर्यंत पांढरं. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पोचले तेव्हा माती देऊन झाली होती. भाऊ म्हणाला, "सगळ्या पाड्याला सांगत होते. लंडनमध्ये खेमाचं नाव लागलंय, पोरीने लावलंय. दोन्ही कान्यांसकट, असं म्हणायचे."

माझं खोटं घेऊन माझा बाप गेला. ही गोष्ट मला कुठल्याही मशीनवर बघता येत नाही आणि कुणाला दाखवता येत नाही. ज्या माणसाने बाकावर बसून बसून ते काने परत आणले, त्याला मी ते कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून दिले. काकांना तरी ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं.

या महिन्यात मंडळाचा ईमेल आला. "माननीय पवारताई." अजूनही. प्रदर्शनाबरोबर यंदा स्मरणिका निघते आहे, विषय "माझ्या घरातलं युद्ध", लेख पाठवा. खाली एक ओळ : आपल्या ग्रुपला पारंपरिक नृत्य सादर करायला आवडेल का?

ग्रुप नाही. मी एकटी आहे. नाचणार नाही.

लेख मात्र पाठवते आहे. हाच तो.

आणि प्रदर्शनाच्या रविवारी येते आहे. तुमच्या टेबलावर जागा नको, वेगळं टेबल तर नकोच. बिल्ला माझ्या कोटावर असेल, पॉपीच्या वर, आणि त्याच्याखाली मी स्वतः लिहिलेलं कार्ड : खेमा पावरा, रस्ता काढणारा. मी दारातच उभी राहीन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावं लागेल. कुणी "कुठले पवार?" विचारलं तर आठ वर्षांचं उत्तर एकदम देईन. बाबांना सांगितलेलं खोटं मला खरं करायचं आहे. ते ऐकायला आता नाहीत. तरीही करायचं आहे.

संपादकांना एकच विनंती. विनंती नाही, अट. बाकीचं शुद्धलेखन खुशाल तपासा. लेखातल्या माझ्या आडनावाला दोन काने आहेत, ते मोजा. त्यातला एक जरी कमी करणार असाल, तर हे छापू नका.