फौजीच्या घरातलं मोहोळ

एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या त्या वर्षांत मी रहिमतपूरच्या शाळेत शिकवायची आणि घरामागे मधपेट्या ठेवायची. ही विद्या वडिलांची. कुणाच्या भिंतीत सातेरी माश्यांनी पोळं धरलं की लोक रॉकेलचे बोळे पेटवायचे. त्याआधी मला बोलावलं, तर मी ते काढून पेटीत घालून आणायची. पुण्याचं काम करतेय, असं वाटायचं.

कोरेगावजवळच्या एका वस्तीवरून निरोप आला. घरातला मुलगा तोफखान्यात होता, लढाईनंतर पेन्शनीत निघालेला. त्याच्या खोलीतल्या बुजवलेल्या कोनाड्यात मोहोळ होतं. त्याची आई दारातच म्हणाली, "आवं बाई, मी नांदाय आले तवापास्नं हायती त्या. कुनाला डसल्या न्हाईत. लक्षुमी हाय ती."

"मला झोप न्हाई, त्याचं काय?" मुलगा आतून बोलला. गरजेपेक्षा मोठ्यानं. "दिसरात गुणगुण. हिरीवर जाऊन बसलो तरी कानात येतीया."

मी भिंतीला कान लावला. उकळी फुटण्याआधी पाणी बोलतं तसा मंद आवाज. हातभर मागं सरकले, तर तोही ऐकू येईना. मग विहिरीवर कसा येईल? हा प्रश्न माझ्या मनात आला होता, अगदी तोंडापर्यंत. पण तो म्हणाला, "तुमी न्हाई नेल्या तर उद्या पेटवून देतो," आणि पेटवण्याचं नाव निघताच मला फक्त माश्या दिसायला लागल्या. मी काही विचारलं नाही.

पदर तोंडावरून घट्ट गुंडाळला, गोणपाटाचा धूर दिला आणि कोनाड्याचं लिंपण खरवडून काढलं. आत पिवळीधमक पोळी ओळीनं लोंबत होती. अंड्यापिल्लांची पोळी कापून पेटीच्या चौकटींना बांधली, राणी हाती लागली, आणि तिच्यामागून बाकीच्या माश्या पेटीत उतरल्या. रानात गेलेल्या परत येईतो दिवस मावळला. मग मी पेटीचं दार बंद केलं. इतकं नीट काम क्वचितच झालं होतं. मी खुशीत होते.

तो आत आला. "गेल्या समद्या?"

"गेल्या."

तो रिकाम्या कोनाड्यासमोर उभा राहिला, आत डोकं घातलं. मग म्हणाला, "हाय की अजून."

मी कंदील आत धरून दाखवला. एकही माशी नव्हती. तो बाजेवर बसला, दोन्ही हातांनी कान दाबले, सोडले, पुन्हा दाबले. "मग ह्ये काय हाय?" त्यानं आईला विचारलं. ती माझ्याकडं बघायला लागली. मी पेटी उचलून निघाले.

काही दिवसांनी ती म्हातारी शाळेत आली. "तोफांनी कान गेल्यात, गुणगुण कानातच हाय, सातारचा डाक्टर म्हनला. विलाज न्हाई. त्या होत्या तवर त्याला शिव्या घालाय कायतरी होतं, बाई. परत आनून ठेवा."

मी पेटी नेऊन त्यांच्या अंगणात ठेवली. आठवडाभरात माश्या उठून गेल्या. सातेरी अशीच, मन लागलं नाही की राहत नाही. पुन्हा भेटायला गेले, तर म्हातारी म्हणाली, तो मळ्यात आहे. माफी कशी मागायची, ते वाटेवर मनाशी जुळवत गेले.

विहिरीवरचं ऑइल इंजिन धडधडत होतं आणि तो त्याच्याशेजारी बाज टाकून पडला होता. मला बघून उठला. "हितं ह्येच्या धडधडीत झोप लागती," तो ओरडून म्हणाला. "तुमी मनाला लावून घिऊ नगा. माझं मलाच कळाय पायजे हुतं."

मी काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं सांगायचं मला धाडस झालं नाही.