डोहातला एक ठोका

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर टवाळी करायलाच वाचत आलोय, खोटं कशाला बोलू. कुंभवलीजवळच्या कंपनीत नाइट शिफ्टला कुणाला काही 'दिसलं' की त्याला चहा पाजून गप पड म्हणणारा माणूस मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय...

आमचं गाव मासवणकडचं, सूर्या नदीच्या काठी. पाणी नितळ झालं की आम्ही डोहात बुडी मारून तिरकमठ्यानं मासे मारतो. हातभर धनुकली, तारेचं टोक लावलेला बाण, सायकलच्या ट्यूबमध्ये काच बसवून केलेला चष्मा — बस. मला हे दादानं, थोरल्या भावानं शिकवलं. तळाचा गाळ ढवळला की दोघं एकमेकांना दिसत नाहीत, बाण लागायची भीती. म्हणून कमरेच्या पिशवीत दोन गोटे ठेवायचे, पाण्याखाली एकमेकांवर वाजवायला. एक ठोका म्हणजे 'मी इथं आहे', दुसऱ्यानंही एकच देऊन उत्तर द्यायचं. तीन ठोके म्हणजे 'झालं, वर चल'.

गेल्या वर्षी दादा काविळीनं गेला. दवाखान्यात, खाटेवर, नदीचा काही संबंध नाही. मी धनुकलीला हात लावणंच सोडलं. पण होळीच्या आधी सुट्टीला गेलो तर वहिनी म्हणाली, पोरगी मरळ मागतेय, बाबा आणायचा तशी. गेलो मग. भरदुपारी. वहिनी टोपली घेऊन काठावर बसली.

दुसऱ्या बुडीला कपारीत मरळ दिसली. बाण ताणला... आणि उजवीकडून ठोका आला. एकच. दादाचा ठोका मी झोपेतही ओळखेन — हलका, किंचित घासून दिलेला. भीती नाही वाटली हो. इतकं बरं वाटलं की पाण्याखाली रडायला आलं. मी एक दिला. तिकडून एक, जरा जवळून. मी पुन्हा दिला. पुन्हा एक.

पण दम संपला होता. आणि हाताची इतक्या वर्षांची सवय... ठक, ठक, ठक वाजवून मी वर आलो.

श्वास घेतला न घेतला, परत खाली गेलो. ठोका दिला. उत्तर नाही. सात-आठ बुड्या मारल्या, काही नाही.

काठावर येऊन वहिनीला विचारलं, दुसरं कोण उतरलं होतं का. कोणी नाही म्हणाली. मग सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढेल.

"तीन कशाला वाजवलेस रे?" ती म्हणाली. "थांबला असता तो अजून."

गोटा गडगडला असेल, कानाला दडे बसले असतील — सगळी कारणं स्वतःला देऊन पाहिली. एकही पटत नाही. आता प्रत्येक सुट्टीला डोहात उतरतो. धनुकली काठावर ठेवून. एक ठोका देतो आणि दम पुरेल तोवर थांबतो. वर यायच्या आधी गोटे हातातून सोडून देतो, चुकून तीन वाजायला नकोत.