सातघरे बाईंची एकटी चप्पल

दुपारी फिजिओथेरपी केंद्रात कोणी नसतं तेव्हा मी व्यायामाच्या गादीवरच आडवी होते. पंखा कुरकुरतो आहे. संगणकावर माझा प्रबंध उघडाच आहे: गुडघेदुखीच्या पेशंटांना शिकवलेला नवा व्यायाम, आणि शेवटी निकाल, 'फरक आढळला नाही'. डोळा लागतो न लागतो तोच शेजारून आवाज येतो.

"ऋजुता, सरक गं जरा."

सातघरे बाई. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, माझ्या पेशंटांतल्या सगळ्यात खट्याळ. व्यायामाचा अभ्यासक्रम अर्ध्यावर आलेला असताना हृदयविकाराने गेल्या. हे मला पक्कं माहीत आहे, तरी मी सरकते.

"गुडघा कसा आहे, बाई?"

"आता कुठला गुडघा! तुझं तोंड का उतरलंय ते सांग."

"उद्या प्रबंधाच्या सरांना निकाल दाखवायचाय. फरक नाही म्हटलं की व्यायामाचा वर्ग बंद. बायका तर म्हणतात, बरं वाटतंय. आकड्यांना दुसरी एखादी चाचणी लावून बघू का?"

"उत्तर आवडलं नाही म्हणून चाचणी बदलायची नसते. आकडे कसले आहेत ते बघून निवडायची. ऊठ."

उठते तर गादी नाही. आम्ही देवळाच्या पायरीशी उभ्या आहोत आणि गाभाऱ्यात वर्गातला फळा टांगलेला आहे. समोर चपलांचे दोन ढीग. एकात सगळ्या डाव्या, दुसऱ्यात सगळ्या उजव्या.

"हे कोणी केलं?"

"तूच की. आधीचं दुखणं एका ढिगात, नंतरचं दुसऱ्यात. जणू वेगळीच माणसं! अगं, बाई तीच ना? जिचं तिच्याशीच ताडून बघ."

केंद्रात यायच्या तेव्हा बाई दारात आपल्या चपला हिरव्या लोकरीने एकत्र बांधून ठेवायच्या. गर्दीत जोडी मोडायला नको, म्हणायच्या. आता त्या खाली बसून एकेक जोडी लावतात, चक्क मांडी घालून.

"आणि दुखणं मोजलंस कशावर?"

"चेहऱ्यांच्या चित्रांवर. हसरा ते रडका."

"मग सरासरी कसली काढतेस? एका चेहऱ्यापासून दुसरा किती लांब, ठाऊक आहे तुला? कमी की जास्त, एवढंच कळतं. क्रमावर चालणारी विल्कॉक्सनची जोड्यांची चाचणी लाव."

"चांगलं येईल ना?"

"मला काय विचारतेस? मेल्यावर माणूस ज्योतिषी होत नाही."

जोड्या लागतात. एक चप्पल उरते. डावी, टाचेशी झिजलेली. मी ती लगेच ओळखते. म्हणूनच तर मी जोड्या लावायचं टाळत होते. दोन ढीग ठेवले की बाईंचा आधीचा एकटा आकडाही त्यात राहत होता.

"मला नाही काढायचं तुम्हाला."

"वेडाबाई!" त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतात. "काढ. लपवू मात्र नकोस. लिही, एक बाई मध्येच गेली. व्यायामामुळे नाही, हेही लिही, नाहीतर सर घाबरतील."

मी हसते, आणि पंख्याची कुरकुर पुन्हा ऐकू येते. गादीवर मी एकटीच आहे. खाली माझ्या सपाता हिरव्या लोकरीने एकमेकींना बांधलेल्या आहेत, बाईंच्याच त्या दुहेरी गाठीने.

गाठ माझ्याने सोडवत नाही. अनवाणीच टेबलाशी जाते, बाईंना आकड्यांतून काढते, आणि लिहायला घेते: एक बाई मध्येच गेली.