दोघंही वाहक

डॉ. केळुसकर माणसाकडे पाहायचे ते थेट कोपराच्या खळगीत. शीर ठसठशीत दिसली की म्हणायचे, "सुंदर!" एकदा नव्यानेच लग्न होऊन आलेली एक सून ते ऐकून पदर तोंडावर ओढून पळाली. तिच्या सासूने सरांना जे सुनावलं ते गोंडीत होतं, म्हणून सर हसत राहिले. रक्त आणि शरीराची प्रतिकारशक्ती या विषयातले ते मोठे शास्त्रज्ञ. गेल्या महिन्यात वारले. स्मृतिग्रंथासाठी चार शब्द लिहून द्या, असा त्यांच्या संस्थेतून मला फोन आला. लिहिते. छापणार नाहीत, हे ठाऊक आहे.

मी गडचिरोलीकडच्या एका लहान दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आमच्या भागात सिकलसेल फार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस हाडांच्या दुखण्याने गडाबडा लोळतो. सरांचं म्हणणं असं, की दोष एकट्या तांबड्या पेशींचा नाही. शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही चिकट होऊन त्या कोंडीत भर घालतात. हे त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, आणि तो अर्धा तास ते खरोखरचे शिक्षक होते. खोटं कशाला बोलू? पण भिंगावरून डोळा उचलला की शिक्षक संपला. "मंदाताई, इम्पॅक्ट बघायचा, इम्पॅक्ट!" हे त्यांचं पालुपद. इम्पॅक्ट म्हणजे त्यांचा निबंध परदेशात किती जणांनी वाचला ते. इथल्या लोकांसाठी या थोर माणसाने एकच शब्द लिहिला.

संशोधनासाठी सर शहरातून येऊन गावोगाव रक्त घ्यायचे, तेव्हा गावातले म्हातारे कन्नाकेभाऊ विचारायचे, "साहेब, आमचं रगत नेऊन राह्यले, पन त्यात काय निंगलं थे कोन सांगन?"

"कार्ड येईल आजोबा, कार्ड."

कार्डं आली. कुणाच्या कार्डावर 'निरोगी', कुणाच्या 'रुग्ण', कुणाच्या 'वाहक'. वाहक म्हणजे स्वतः धडधाकट, पण दोष मुलांना देऊ शकणारा. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका, की मूल पुरतं आजारी निघेल. यातलं कार्डावर काही नव्हतं. मी म्हटलं, सर, वाटताना मी समजावून सांगते. ते म्हणाले, "अजिबात नाही. ते समुपदेशकाचं काम. आमची टीम येईल." टीम कधीच आली नाही. सर शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकत राहिले आणि मी मुकाट्याने कार्डं वाटत राहिले.

आता, आमच्याकडे 'वाहक' हा शब्द लोकांनी एकाच ठिकाणी वाचलेला असतो: एसटीत, कंडक्टरच्या सीटवर. सविता कुमरेचं कार्ड मी घरी नेऊन दिलं तेव्हा तिचा बाप पोट धरून हसला. "पोरगी बिना परीक्षेची एसटीत लागली!" त्याच दिवशी तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. शेजारच्या गावचा दिलीप माणसांसह आला होता. गोंडांमध्ये दोन्ही घरचे देव किती ते आधी पाहतात; सारखे निघाले तर ते भाऊबंद, लग्न होत नाही. यांचे सहा, त्यांचे सात. जमलं. मग दिलीपनेही खिशातून आपलं कार्ड काढलं. त्यावरही वाहक! ओसरीवर हशा उसळला. कन्नाकेभाऊ म्हणाले, "देव येगळे अन् नोकरी एकच! आता काऊन थांबता?"

मी तिथेच मूग गिळून बसले. दवाखान्यात परतल्यावर सरांना फोन केला. "सर, दोघंही वाहक आहेत. लग्न ठरतंय."

"नावं नकोत, गोपनीयता असते. नमुना क्रमांक सांगा." मी क्रमांक सांगितले. "छान. नोंद करून ठेवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

लग्न झालं, मुलगा झाला. वर्षाचा होता होता त्याचे हातपाय सुजले, अंगाला बोट लावू देईना. सविता त्याला घेऊन दवाखान्यात आली, डॉक्टरांनी सलाईन लावलं. नेमके सरही आलेले, चंद्रपूरला त्यांचा सत्कार होता म्हणून वाटेत थांबले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"आई-वडील दोघंही आपल्याच नमुन्यांतले? आणि बाळाचं रक्त ऐन सुजेत मिळतंय? मंदाताई, असं कुटुंब शोधून सापडत नाही!"

ते मनापासून खूश झाले होते. मला त्यांची किळस आली. बाळाचं रक्त त्यांना घेता येऊ नये म्हणून रिकाम्या नळ्या कपाटात टाकून मी कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "तुम्ही भावनेच्या आहारी जाताय," असं म्हणून सर सत्काराला गेले. शाल मिळाली, पेपरात फोटो आला. मला पुन्हा ते दिसले नाहीत.

सविताला त्या दिवशी मी समोर बसवलं आणि वाहक या शब्दाचा अर्थ सांगितला. दोन वर्षं उशिराने. सरांच्या नावाने बोटंही मोडली. त्यांनी मला बोलू दिलं नाही, त्यांनी माणसं पाठवली नाहीत, सगळं सांगितलं. ती पोराच्या पायावरून हात फिरवत ऐकत होती. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"थे साहेब तं परके होते बाई," ती म्हणाली. "आमी कोन, काय, त्याइले काई ठाऊक नाई. तुमी तं आमच्या लग्नात जेवून गेल्या."