धुळीच्या लेअरवरचे पाय

आधीच सांगून टाकते, अशा सदरांतले अनुभव वाचून खाली कमेंटमध्ये हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. कुणाला वडाखाली बाई दिसली, कुणाच्या बाइकला घाटात कुणी हात केला... मी हे वाचायची आणि मैत्रिणींना पाठवून खिदळायची. देव मानते, पण तोही परीक्षेपुरताच. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मला स्वतःलाच हसू येतंय. तुम्हीही हसा हवं तर. जे झालं ते झालं तसं सांगते, पदरचं काही घालत नाही.

मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकत होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःची एक शॉर्ट फिल्म करावी लागते. वर्गातले सगळे त्यासाठी पुण्यातच थांबले, मी मात्र लॅपटॉप आणि ड्रॉइंगचा टॅबलेट उचलून गावी आले. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, कातळावर. नाव लिहीत नाही, कारण गावातली निम्मी माणसं हे सदर वाचतात. येण्याचं कारण आई. त्याआधीच्या आषाढात माझे बाबा गेले, झोपेतच, हृदय बंद पडून. मी एकुलती एक, त्यामुळे घरात आई एकटीच उरली होती.

आणि आई रडली नव्हती. बाबा गेले तेव्हा नाही, दिवसकार्याला नाही, नंतरही नाही. बाबांचा विषय काढला की ती उठून विहिरीवर जायची. पाणी भरलेलं असलं तरी जायची. शेजारपाजारचे म्हणायचे, बाई खंबीर आहे हो. मला तो खंबीरपणा वाटत नव्हता. घशात काहीतरी अडकलेल्या माणसासारखी दिसायची ती. फिल्म पुरी झाली की हैदराबादच्या एका स्टुडिओत मला नोकरी मिळण्यासारखी होती, पण आईला या अवस्थेत टाकून जायचं कसं, हे मला कळत नव्हतं.

पोटापाण्यासाठी फ्रीलान्स कामं चालू होती. आंब्याच्या पेट्या विकणाऱ्यांचे हलणारे लोगो, वास्तुशांतीची आमंत्रणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे लग्नपत्रिकांचे व्हिडिओ. एका नवरदेवाने तर कार्टूनमध्ये डोक्यावर केस वाढवून मागितले, मग पोट कमी करून मागितलं, शेवटी नवरीच्या मामांनी फोन करून विचारलं की हा मुलगा नेमका कोण. असली कामं उरकून उरलेल्या वेळात मी फिल्म करायची.

फिल्म बाबांवर होती. बाबा गावच्या पालखीचे भोई. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावर येते, घरोघर फिरते, आणि एके दिवशी ती खूण काढते. मानकरी माळावर कुठेतरी नारळ पुरून ठेवतात. भोयांना जागा ठाऊक नसते. ढोल-ताशे वाजायला लागतात, पालखी खांद्यावर नाचत-धावत सुटते आणि बरोबर त्या जागी जाऊन वाकते. बाबा म्हणायचे, आपण नेत नाही, ती ओढते. मी त्यांना म्हणायची, बाबा, चौघांपैकी एकाला तरी कुणीतरी आधी सांगत असेल. ते नुसते हसायचे.

बाबांचे फोटो होते, पण चालतानाचा एकही व्हिडिओ नव्हता. सगळ्या जगाचे व्हिडिओ करत हिंडले आणि घरातल्या माणसाचा राहून गेला. चेहरा काढायला बसले की माझा हात थांबायचा. म्हणून मी ठरवलं, फिल्ममध्ये चेहरेच दाखवायचे नाहीत. पालखीखालचे फक्त पाय दाखवायचे, अनवाणी, लाल मातीत.

शिमगा आला. मी खूण काढतानाचं सगळं फोनवर शूट केलं, जवळजवळ जमिनीवर आडवी होऊन. पुढे दोघे, मागे दोघे. पुढच्या डाव्या अंगाला, बाबांच्या जागी, माझा चुलत भाऊ संदीपदादा. नारळ निघाला, लोकांनी गजर केला. दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या अंगणातही आली. आई बाहेर आली नाही. ओटी काकूने भरली, आणि आई आत चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली.

त्यानंतर ट्रेसिंगचं काम सुरू झालं. याला आमच्यात रोटो म्हणतात. शूट केलेल्या व्हिडिओची एकेक फ्रेम थांबवायची आणि तिच्यावर रेषा गिरवायच्या. सेकंदाला बारा चित्रं. दळण दळण्यासारखं काम आहे, अर्ध्या तासात डोकं बंद होतं आणि हात आपोआप चालायला लागतो. माझी पद्धत अशी, की प्रत्येक माणसाचा लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांतला एक, वेगळा ठेवायचा आणि एकाचे पाय काढताना बाकीचे लेअर झाकून टाकायचे. म्हणजे चौघांचे चार लेअर, आणि पायांनी उडणाऱ्या मातीसाठी पाचवा. त्याला मी ‘धूळ’ असं नाव देऊन ठेवलं होतं. धूळ सगळ्यात शेवटी काढायची होती, त्यामुळे तो लेअर रिकामा होता. निदान मी तसं समजत होते.

चौघांचे पाय संपले त्या दिवशी दुपारी मी पडवीत बसून संदीपदादाला हाक मारली. त्याला स्वतःचे पाय बघायची फार हौस. मी सगळे लेअर उघडून प्ले केलं. दादा आधी कुरकुरला की माझे पाय एवढे फेंगडे हायत काय. मग त्याने पुन्हा लावायला सांगितलं.

“हा पाचवा कोण गो?” त्याने विचारलं.

पुढच्या डाव्या अंगाला, दादाच्या पायांच्या शेजारी, आणखी दोन पाय होते. चालत होते. डावं पाऊल बाहेर फेकून, उजवं जरा ओढून. लहानपणी आंब्यावरून पडल्यापासून बाबा तसे चालायचे, गावात कुणीही सांगेल. मी एकेक लेअर बंद करत गेले. चारही बंद केले तरी ते पाय स्क्रीनवर होतेच. ते ‘धूळ’ लेअरवर होते.

आम्ही मूळ व्हिडिओ काढून फ्रेम-फ्रेम पाहिला. चार माणसं, आठ पाय. मधे कुणी आलेलं नाही, कुणी आडवं गेलेलं नाही. दादाने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि मोठ्या भावासारखं समजावलं, की तुझ्या डोक्यात काका आहेत, हात आपला चालत होता, काढले असशील तूच. मला ते पटलं. खरं सांगते, मी त्या कारणाला धरूनच बसले. चुकून दुसऱ्याच लेअरवर काढणं हे तर आमचं रोजचंच आहे.

एकच गोष्ट खटकत होती. ते पाय माझ्या हातचे नव्हते... म्हणजे फार चांगले होते. आमचे सर पहिल्या वर्षापासून मला एकच गोष्ट सांगत आले, की तुझी माणसं तरंगतात, त्यांना वजन नाही. बाकीचे चौघे ट्रेस करूनही थोडे तरंगतच होते. या पाचव्याच्या पायांवर मात्र पालखीचं वजन दिसत होतं. पाऊल टेकलं की बोटं पसरायची, घोटा किंचित खचायचा, मग जोर लावून वर यायचा. ते बघताना मला पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं. बाबा गेल्यावर मीही नीट रडले नव्हते, ते तेव्हा लक्षात आलं.

एक चूक मात्र होती. उजव्या पायाचा अंगठा भलताच जाड आला होता, गोळा असल्यासारखा. सगळ्या फ्रेममध्ये. बाबांचा अंगठा तसा नव्हता. मी ठरवलं, हे पाय ठेवायचे, फक्त अंगठा दुरुस्त करायचा.

दोन-तीन दिवसांनी, दुपारचीच वेळ, मी तेच करत बसले होते. तो तुकडा स्क्रीनवर पुन्हा पुन्हा फिरत होता. आई कोकम सरबताचा पेला घेऊन पडवीत आली. इतके महिने तिने माझ्या स्क्रीनकडे एकदाही बघितलं नव्हतं, पेला ठेवून पाठ फिरवायची. त्या दिवशी तिची नजर गेली, आणि ती तिथेच उभी राहिली. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं.

“ही चिंधी तुला कुणी सांगितलान?”

मी विचारलं, कसली चिंधी. तिने स्क्रीनला बोट लावलं, त्या जाड अंगठ्यावर.

मग ती खालीच बसली आणि बोलायला लागली. थांबत थांबत बोलली. बाबा गेले त्या वर्षीच्या शिमग्यात मी पुण्याला होते, परीक्षा होती. फोनवर मला एवढंच कळलं होतं की बाबांना बरं नव्हतं म्हणून त्यांनी पालखी घेतली नाही. खरी गोष्ट अशी, की शिमग्याआधी आईने त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय फार थकलंय, ओझं उचलू देऊ नका. बाबा घाबरतील म्हणून हे तिने त्यांना सांगितलंच नाही. पालखीच्या दिवशी सकाळी घाईघाईत निघताना बाबांचा उजवा अंगठा पायरीच्या चिऱ्यावर आपटला. नख उखडलं. आईने हळद भरली आणि आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, मुद्दाम जाडजूड, फेरे घालून घालून. आणि म्हणाली, असल्या पायाने जाल तर चिघळेल, यंदा पालखी नाही.

“बहाणा मिळाला मना,” ती म्हणाली. “अंगठ्याचा बहाणा केला मी. दिवसभर हे पाय वर घेऊन इथं पडवीत बसले. ढोल वाजत व्हते नि हे बसले व्हते. पालखी अंगणात आली तरी उठू दिला नाय मी. म्हणाले, पुढच्या वर्षी डबल नाचवीन. आणि मना ठाऊक व्हता... पुढल्या वर्षीपण मी काय खांदा लावू देणार नाय.”

पुढचा शिमगा त्यांना दिसलाच नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, दादाला नाही, काकूला नाही, मला तर नाहीच. चिंधी तर दोन दिवसांत सुटली होती, तिच्याबद्दल मला कुणी कधी बोललं नव्हतं, आणि मी सुट्टीला घरी आले तेव्हा अंगठा बरा झालेला होता. मला ती माहीत असण्याचा काही मार्गच नव्हता.

आईने मला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितलं. तिने स्क्रीनला नाक लागेल इतकं वाकून बघितलं. ते पाय येत होते, चिंधीसकट, पालखीचं वजन घेऊन, लाल मातीत पसरत, उचलत. आणि आई रडली. आठ-नऊ महिन्यांचं रडली. मी तिला धरून बसले, सरबत तसंच राहिलं. मधेच ती म्हणाली, “म्हंजे गेले. चिंधीसकट गेले बग. माझा ऐकलानी नाय.” हे म्हणताना ती रडत होती आणि तिच्या तोंडावर हसूही होतं. तसं मी त्याआधी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही.

अंगठा मी दुरुस्त केला नाही. फिल्म तशीच जमा केली. सरांनी बघितल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, की पुढचा डावा माणूस कोणी केला, तो तुझा नाही. मी म्हटलं, माझाच आहे. दुसरं काय सांगणार? श्रेयनामावलीत भोई म्हणून पाच नावं आहेत, पाचवं बाबांचं.

आता मी हैदराबादला आहे, नोकरी लागली. आईनेच मला ढकलून पाठवलं. ती आता बाबांबद्दल बोलते, त्यांच्यावर फोनवर चिडतेसुद्धा, जणू आत्ताच दाराबाहेर गेलेत. झाल्या गोष्टीला कारण काय, हे मला आजही सांगता येत नाही. हाताच्या सवयीने पाय निघाले असतील, मान्य. चिंधी कशी निघाली? ज्यांना उत्तर सुचेल त्यांनी जरूर लिहा, मी चिडणार नाही.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. त्या दिवशी रडणं ओसरल्यावर आईने मला एक प्रश्न विचारला होता. तुकडा फिरत होता, संपला की पुन्हा सुरू होत होता, आणि पाय चालतच होते. ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, “खाली ठेवतात कधी गो? दमले असतील. आता ठेवायला सांग तेंना.”

मी हो म्हटलं. पालखी सहाणेवर उतरवतानाचं शूटिंगही माझ्याकडे आहे. ऑफिस सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी मी ते ट्रेस करते. चौघांचे पाय नीट येतात, वाकतात, पालखी टेकवतात, मोकळे होतात. पाचवे येत नाहीत. मी मुद्दाम, आठवून आठवून काढून बघितले. डावं पाऊल बाहेर, उजवं ओढतं, अंगठ्याला चिंधी, सगळं बरोबर. पण ते तरंगतात. मी पुसून टाकते.

आई फोनवर विचारते, “ठेवलानी काय?” मी सांगते, काम चालू आहे, वेळ लागतो अशा कामाला. धुळीचा लेअर मी रोज उघडून बघते. तो रिकामा असतो, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही.